गावाचा ग्रुप कसा सांभाळावा

दापोली तालुक्यात, हर्णै बंदरापासून थोड्या अंतरावर आमचं गाव आहे. तिथे मी झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान चालवते. सातबारा, पोरांचे दाखले, रेशनकार्डाची नावं, होडीच्या कागदांच्या प्रती, सगळं माझ्या टेबलावरून जातं. २०१६ मध्ये गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढायचं ठरलं तेव्हा तो माझ्या फोनवरून निघाला, कारण सगळ्यांचे नंबर माझ्याकडे होते. ॲडमिन होण्याला माझ्याकडे दुसरं काहीही कारण नव्हतं. आज त्यात सव्वाचारशे माणसं आहेत. निम्मी गावात आणि निम्मी चाकरमानी, लालबाग-परळपासून नालासोपारा-विरारपर्यंत.

आजूबाजूच्या गावांतून दुकानात येणारी माणसं हल्ली विचारतात, तुमचा ग्रुप शांत कसा? तो शांत नाही, आणि गावाचा ग्रुप शांत असावा असं मला वाटतही नाही. पण गेल्या काही वर्षांत कोणी मनाला लागून तो सोडलेला नाही, आणि वादळाची सूचना त्यात वेळेवर पोचते. आधी या दोन्ही गोष्टी होत नव्हत्या. मधल्या काळात आम्ही काय काय केलं ते लिहिते. ज्यांच्या गळ्यात असा ग्रुप पडलाय त्यांना उपयोग व्हावा.

कोण निघून गेलं ते आधी बघा

ॲडमिनचं लक्ष नेहमी मोठ्याने बोलणाऱ्यांकडे जातं. माझंही तसंच होतं. २०१९ मध्ये एका रात्री कोणीतरी एक फॉरवर्ड टाकला, एका अख्ख्या समाजाला चोर ठरवणारा. आमच्या गावात मोहल्ला आहे, पंधरा-वीस घरांचा, पिढ्यान्‌पिढ्या इथलाच, घरात आमच्यासारखीच भाषा बोलणारा. त्या फॉरवर्डवर कोणी चकार शब्द काढला नाही. कोणी विरोध केला नाही, म्हणजे कोणाला काही वाटलं नाही, असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं की मोहल्ल्यातले चाचा ग्रुपमधून बाहेर पडलेत. माझे वडील शाळेत असताना ज्यांच्या वडिलांच्या होडीतून खाडी ओलांडायचे, ते चाचा. त्यांच्या पाठोपाठ आणखी चार जण. मी घरी गेले. चाची चहा ठेवायला आत गेल्या. चाचा म्हणाले, "बोललो असतो तर भांडण झालं असतं. गप्प बसलो असतो तर त्याचं म्हणणं खरं ठरलं असतं. मग उरलं काय? निघालो." मी म्हटलं, मला फोन तरी करायचात. ते म्हणाले, "तू वाचलंस ना गो?"

वाचलं होतं. रात्रीच वाचलं होतं, आणि सकाळी बघू म्हणून फोन उशाला ठेवला होता.

त्या दिवसापासून मी ग्रुपची तब्येत मेसेजच्या संख्येवरून मोजणं सोडून दिलं. महिन्यातून एकदा, संकष्टीला उपास असतो आणि संध्याकाळ मोकळी असते म्हणून त्या दिवशी, मी दोन गोष्टी बघते. पहिली म्हणजे कोण बाहेर पडलं. २०२२ पासून ग्रुप सोडणाऱ्याची खबर फक्त ॲडमिनला दिसते, बाकीच्यांना नाही. आणि ग्रुपच्या माहितीत गेल्या ६० दिवसांत गेलेल्यांची यादी मिळते. म्हणजे एखादा माणूस मुकाट्याने गेला हे ॲडमिनशिवाय दुसऱ्या कोणाला आपोआप कळत नाही. म्हणून प्रत्येकाला फोन करायचा. परत या असा आग्रह करायचा नाही; का गेलात एवढंच विचारायचं आणि ऐकून घ्यायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे महिन्याभरात वेगवेगळी किती माणसं बोलली, आणि कुठल्या वाडीतली. एका शिमग्याच्या आठवड्यात आमच्याकडे ४०० च्या वर मेसेज पडले होते. ग्रुप जोरात चाललाय असं मला वाटलं. नावं मोजली तर बोलणारे फक्त १९. कोळीवाड्यातलं एक नाही, बौद्धवाडीतलं एक नाही, बाई तर एकच, ती मी. त्याला गावाचा ग्रुप म्हणायला माझी जीभ वळेना.

नियम एकट्याने लिहू नका

सुरुवातीला मी एकटीने बसून १४ नियम टाइप केले आणि टाकले. अर्ध्यांनी वाचले नाहीत. ज्यांनी वाचले त्यांनी विचारलं, तुला हा अधिकार कोणी दिला? मला तेव्हा राग आला होता. आज वाटतं, प्रश्न अगदी रास्त होता.

कोकणात सगळा गाव एका जागी सापडतो तो गणपतीत आणि शिमग्यात. आम्ही गणपती धरले. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी, मुंबईच्या गाड्या सुटायच्या आधी, शाळेच्या पडवीत बसायचं. देवळात नाही, हे मुद्दाम ठरवलं. देवळात कोण कुठे बसतो याच्या जागा ठरलेल्या आहेत, आणि मोहल्ल्यातली माणसं तिथे संकोचाने येतात. शाळेत सगळ्यांची पोरं शिकलीत.

पहिल्या वर्षी पंचेचाळीसेक माणसं आली. माझे १४ नियम वाचले गेले आणि आठ कापले गेले. उरलेल्या सहांची भाषा बदलली. मी लिहिलं होतं, "वादग्रस्त विषय टाळावेत." एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "वादग्रस्त म्हंजे? पाणी येत नाय, हे वादग्रस्त काय?" त्यांचं बरोबर होतं. अशा मोघम नियमाचा अर्थ ॲडमिनच्या मर्जीप्रमाणे लावता येतो. मग तो असा झाला: कोणाच्या घराचं, जातीचं, धर्माचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही, कामाबद्दल, पैशाबद्दल, पदाबद्दल वाटेल तेवढं विचारायचं. तेव्हापासून ग्रामपंचायतीच्या नळयोजनेवर आमच्याकडे भरपूर आणि चांगली भांडणं होतात.

हे आमचं डोकं नव्हे. माझी भाची एम.ए. करत होती तेव्हा तिच्या वह्यांतून मला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांची ओळख झाली. २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. सगळ्यांच्या मालकीची गोष्ट, म्हणजे कुरण, जंगल, पाटाचं पाणी, मासेमारीचा पट्टा, लोक स्वतः कशी टिकवतात याचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला. ज्यांना नियम लागू होतात त्यांचा तो करण्यात हात असावा, पाळला जातो का हे बघणारी माणसं त्यांच्यातलीच असावीत, शिक्षा लहानापासून चढत जावी, आणि तंटा सोडवायला जवळची, स्वस्तातली जागा असावी, असं त्यांच्या मांडणीत येतं. यातलं काही आपल्याला परकं नाही. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं, ओढायला लागलेल्या प्रत्येकाला मासळीचा वाटा मिळतो, आणि वाटे कसे पाडायचे हे ओढणाऱ्यांना ठाऊक असतं. ऑस्ट्रॉम यांनी तुर्कस्तानातल्या अलान्या गावच्या मच्छीमारांबद्दल लिहिलंय. तिथे चांगल्या जागांवरून मारामाऱ्या व्हायच्या. मग त्यांनी सप्टेंबरात चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. प्रत्येक होडीला एक जागा मिळते आणि ती रोज एका जागेने पुढे सरकते, म्हणजे चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते. आमच्या ॲडमिनच्या चिठ्ठ्या तिथूनच आल्या. त्याबद्दल पुढे लिहिते.

सूचना आणि गप्पा एकत्र ठेवू नका

३ जून २०२०, बुधवार. निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली-मंडणगडलाही उद्ध्वस्त करून गेलं. नारळ, सुपारी, आंबा आडवे. कौलं उडाली, पत्रे दुसऱ्याच्या वाडीत जाऊन पडले. वीज कित्येक दिवस नव्हती. तो सगळा पट्टा आजही ते नाव काढलं की गप्प होतो.

मला सांगायचं आहे ते आदल्या दिवसाचं. किनाऱ्यालगतच्या घरांनी शाळेत यावं, ही सूचना ग्रुपवर आली होती. तिच्या खाली तासाभरात कोरोनाच्या काढ्याची कृती आली, कुठल्यातरी दुसऱ्याच देशातल्या वादळाचा व्हिडिओ आला, "काळजी घ्या" असे साठेक मेसेज आले. पुळणीजवळ एकटी राहणारी एक काकू वर चढत चढत त्या सूचनेपर्यंत पोचलीच नाही. सकाळी शेजारचा पोरगा तिला हाताला धरून शाळेत घेऊन आला, म्हणून ती वाचली. दुपारी तिच्या घराचं छप्पर गेलं.

त्यानंतर आम्ही दोन ग्रुप केले. एका ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहू शकतात. ही सोय २०१८ पासून आहे. तिथे पाच गोष्टी येतात: हवामान, पाणी आणि वीज, दवाखाना, ग्रामसभा, मयत. बाकी सगळं दुसऱ्या ग्रुपमध्ये. आता कम्युनिटी म्हणून जी सोय आलीय तिच्यात हे दोन्ही एका छत्राखाली ठेवता येतात. नव्याने करणाऱ्यांनी तीच वापरावी.

हवामानाच्या सूचनेला आमचे तीन नियम आहेत, आणि त्यांत सूट नाही. हवामान खात्याची, तहसील कार्यालयाची किंवा मत्स्यव्यवसाय खात्याची असेल तरच टाकायची. तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने वर लिहायची, कारण फोटोवरची तारीख बारीक असते आणि जुना इशारा नव्याने फिरतो. आणि नवी सूचना आली की जुनी काढून टाकायची. बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागलाय असं कोणी सांगितलं तर आधी बंदरावरच्या माणसाला फोन करायचा. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा दोन दिवसांत सूचनांच्या ग्रुपमध्ये ११ मेसेज होते. आदल्या वर्षीची तीच काकू संध्याकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत हजर होती. मेसेज तिने स्वतः वाचला होता.

मयताची बातमी

हे लहान वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात आधी करायचा नियम हाच. गावात एक तात्या वारले. कोणीतरी पाच मिनिटांत ग्रुपवर टाकलं आणि खाली श्रद्धांजल्यांची रांग लागली. त्यांचा मुलगा तेव्हा लोकलमध्ये होता, वसईच्या आसपास. घरून त्याला फोन लागत नव्हता. बापाची बातमी त्याने शंभर माणसांच्या हात जोडलेल्या चित्रांतून वाचली, गर्दीत उभ्याने.

घरच्यांचा होकार आल्याशिवाय मयताची बातमी टाकायची नाही. होकार कोणी दिला ते ॲडमिन विचारतो आणि वहीत लिहितो. सूचनांच्या ग्रुपमध्ये एकच मेसेज: कोण, कधी, अंत्यविधी किती वाजता, मुंबईहून माणसं येईपर्यंत थांबणार का. सांत्वन दुसऱ्या ग्रुपमध्ये, किंवा शक्य असेल तर त्या घरी जाऊन.

फॉरवर्ड

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागून जगणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडची नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं ती. पोरं पळवणारी टोळी आलीय, या मोबाइलवरून फिरलेल्या अफवेने त्यांचा जीव घेतला. तसाच मेसेज त्या पावसाळ्यात आमच्या ग्रुपमध्येही होता. त्याच आठवड्यात एसटीच्या थांब्यावर सुया-बिब्बे विकणाऱ्या एका बाईला काही पोरांनी अडवून ठेवलं होतं. कंडक्टर ओळखीचा निघाला आणि तिला गाडीत बसवून घेऊन गेला. मी आजही तिचा चेहरा विसरलेले नाही.

त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० पासून खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा मेसेजवर दोन बाण दिसतात. आमचा नियम त्या दोन बाणांवर बेतलेला आहे. दोन बाणांचा मेसेज टाकायचा तर वर स्वतःच्या शब्दांत एक वाक्य लिहायचं: हे मी का टाकतोय आणि मला हे कुठून खरं वाटतं. एवढंच. बंदी नाही. पण ते एक वाक्य लिहायला बसलं की बहुतेक माणसं टाकत नाहीत. सकाळच्या सुविचारांचं प्रमाणही त्यामुळेच उतरलं, कोणाला न दुखावता.

एखाद्या अख्ख्या समाजाचं नाव घेऊन आलेला मेसेज मात्र दिसताक्षणी काढायचा. चर्चा नंतर. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, आणि कुठल्या ॲडमिनने काढला हे तिथे दिसतं. ते दिसतं हे चांगलंच आहे.

कायद्याबद्दल लोक मला घाबरून विचारतात, कोणी काही टाकलं तर ॲडमिन आत जातो का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलं की सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला आपोआप जबाबदार धरता येत नाही. दोघांचा मिळून हेतू होता हे दिसावं लागतं. केरळ उच्च न्यायालयाचाही २०२२ चा निकाल त्याच दिशेचा आहे. म्हणून भीतीपोटी ग्रुप बंद करून ठेवू नका. चाचांच्या घरातला तो चहा मला कोर्टापेक्षा जास्त आठवतो.

पायऱ्या

माणसाला काढणं एका बोटाचं काम आहे, म्हणून ते सगळ्यात शेवटी ठेवायचं. आमच्याकडे चार पायऱ्या आहेत.

पहिली, फोन. मेसेज नाही, फोन, आणि तोही रात्री नाही. लिहिलेल्या शब्दाला आवाज नसतो, माणूस तो आपल्या रागाच्या आवाजात वाचतो. फोन लागलाच नाही तर मी असं लिहिते: "दादा, काल रात्रीचा तुमचा मेसेज मी काढला. त्यात एका घराचं नाव आलं होतं, ते आपल्या पहिल्या नियमात बसत नाही. पाण्याचा मुद्दा तुमचा बरोबर आहे. नाव न घेता पुन्हा लिहा, ग्रामपंचायतीत विचारून उत्तर मी आणते." काय काढलं, कुठल्या नियमाने काढलं, आणि आता कसं लिहिता येईल, या तीन गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. दहापैकी नऊ वेळा गोष्ट इथेच मिटते. माणसाला बहुतेक वेळा आपला मुद्दा कोणीतरी ऐकावा एवढंच हवं असतं.

दुसरी पायरी, ग्रुपमध्ये नाव न घेता नियमाची आठवण. तिसरी, सात दिवस बाहेर. किती दिवस आणि का, हे त्याला आधी कळवून. आठव्या दिवशी आपणहून परत घ्यायचं, त्याने विनंती करायची वाट बघायची नाही. चौथी, पुढच्या गणपतीच्या बैठकीपर्यंत बाहेर. ही वेळ आमच्यावर आजवर एकदाच आली.

इंग्रजी विकिपीडियावर एक नियम आहे: एकाच पानावरचं दुसऱ्याचं काम एका दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा उलटवायचं नाही. त्यावरून आम्ही घेतलं की एका विषयावर एका माणसाने दिवसात तीनच उत्तरं द्यावीत. चौथं उद्या. रात्रीत माणूस थंडही होतो आणि त्याला नवं काही सुचतंही. रात्री दहा ते सकाळी सहा गप्पांचा ग्रुप बंद असतो. आमची सगळी मोठी भांडणं अकराच्या पुढची होती, हे वही चाळल्यावर कळलं.

ही वही म्हणजे साधी दोनशे पानी. काढलेला प्रत्येक मेसेज, दिलेली प्रत्येक समज तारखेसह, नियमासह आणि ॲडमिनच्या सहीसह त्यात आहे. दुकानात येऊन कोणीही वाचावी. पहिल्या वर्षी पुष्कळांनी वाचली. आता क्वचित कोणी मागतं.

या पायऱ्या खऱ्या ठरल्या त्या एका प्रसंगाने. मुंबईत स्थायिक झालेले, देवळाच्या कामाला सढळ हाताने दिलेले एक वजनदार गृहस्थ एका विधवा बाईच्या घराबद्दल ग्रुपवर नको ते लिहून बसले. फोन झाला, आठवण झाली, त्यांनी पुन्हा लिहिलं. माझ्याकडे निरोप आले, त्यांना हात लावू नका, उद्या देणगी थांबेल. पाचही ॲडमिन दुकानात बसलो. बौद्धवाडीतली आमची ॲडमिन ताई म्हणाली, "माझ्या भावाला सात दिवस काढलंत तेव्हा कोणी निरोप आणला नव्हता." बस. सात दिवस. आठव्या दिवशी मी स्वतः त्यांना परत घेतलं. पंधरा दिवस ते काही बोलले नाहीत, मग शाळेच्या पत्र्यांबद्दल एक मेसेज आला, नेहमीसारखा. कोळीवाड्यातल्या बायका ग्रुपमध्ये लिहायला लागल्या त्या त्यानंतर.

आणि एक चूक माझी. २०१८ मध्ये एका कॉलेजच्या पोराने माझ्या दुकानाच्या दरांबद्दल ग्रुपवर लिहिलं आणि मी त्याला तडकाफडकी काढलं. त्याच्या आईने आठ महिने माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. पोराचं म्हणणं निम्मं खरंही होतं. म्हणून आता असं आहे: ज्या ॲडमिनशी भांडण आहे त्याने त्या भांडणात हात घालायचा नाही. आणि काढलेल्याला दाद मागायची असेल तर ती काढणाऱ्याकडे नाही, दुसऱ्या वाडीच्या ॲडमिनकडे.

ग्रुपवर काय ठरवायचं नाही

शिमग्यात पालखी कोणाच्या दारी आधी जाणार, सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या ओट्यावर, किती वेळ बसणार, मान कोणाचा, हे प्रश्न ग्रुपवर सोडवायला गेलो तर गाव फुटतो. मुंबईतल्या एका पोराने सरळ मनाने विचारलं होतं की हा क्रम का आहे. प्रश्न वाईट नव्हता. पण ज्यांना उत्तर ठाऊक त्या म्हाताऱ्यांच्या हातात स्मार्टफोन नाही, आणि ज्यांच्या हातात फोन त्यांना उत्तर ठाऊक नाही. रात्रभर भावकी भावकीवर तुटून पडली. आता देवस्थानाचे प्रश्न, जमिनीच्या हद्दी आणि दोन घरांमधली देणीघेणी आली की ॲडमिन एवढंच लिहितो: हे अमुक दिवशी अमुक ठिकाणी बसून बोलू. आणि ती बैठक खरोखर लावतो. लावली नाही तर पुढच्या वेळी त्याचं कोणी ऐकत नाही.

पैशांचंही तेच. ग्रुपवरून वर्गणी काढायची तर हिशेब दोन वेगळ्या वाड्यांच्या माणसांकडे, आणि रोज रात्री जमेचा आकडा. निसर्गनंतर पत्रे आणि कौलं वाटताना ही शिस्त नव्हती. त्या वेळच्या शंका अजून पुरत्या मिटलेल्या नाहीत.

बायका

ग्रुपमध्ये नंबर दिसतो. गावातल्या दोन-तीन मुलींना, आणि बचत गटातल्या एका वहिनींना, रात्री-अपरात्री ग्रुपमधल्याच एका माणसाचे मेसेज येऊ लागले होते. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, नुसतं लिहिणं बंद केलं. मला कळलं ते वर्षभराने, दाखल्याच्या कामाला आलेल्या एकीच्या बोलण्यातून. आम्ही नियमात एक ओळ घातली: ग्रुपमधून मिळालेल्या नंबरावर जे कराल ते ग्रुपमध्ये केलं असं धरलं जाईल. त्याला पहिल्या तीन पायऱ्या लागू नाहीत. पाचपैकी निदान दोन ॲडमिन बायका असल्या पाहिजेत हेही तेव्हाच ठरलं, कारण असली गोष्ट काकांना कोण सांगणार?

ॲडमिनला वैयक्तिक शिव्या आल्या तर तोही नियमभंगच. हे लिहून ठेवा. मला आल्यात. घरच्यांनी फोन बंद कर म्हणून सांगितलं होतं. पाच जणांत काम वाटलेलं नसतं तर मी कधीच सोडून दिलं असतं.

चिठ्ठ्या

ॲडमिन पाच: कोळीवाडा, बौद्धवाडी, मोहल्ला, वरची वाडी आणि एक मुंबईचा. प्रत्येक गटातून इच्छुकांची नावं घ्यायची, वाटीत चिठ्ठ्या टाकायच्या आणि शाळेतल्या सगळ्यात लहान पोराकडून उचलून घ्यायच्या. मुदत दोन वर्षं. पाचही एकदम बदलायचे नाहीत. एका गणपतीत दोन, पुढच्या गणपतीत तीन. आणि चिठ्ठी एक वर्ष आधी काढायची, म्हणजे नव्याला जुन्याच्या शेजारी बसून शिकायला वर्ष मिळतं. जाणाऱ्याने आधी नव्याला ॲडमिन करावं आणि मगच स्वतःचं ॲडमिनपण सोडावं. नुसताच फोन बदलून गेलात तर ग्रुप कोणाच्या हाती राहिला तेच कळत नाही.

चाचा २०२० च्या पावसाळ्यात परत आले. मोहल्ल्याची चिठ्ठी त्यांच्या सुनेची निघाली होती. माझी स्वतःची मुदत येत्या गणपतीत संपते. त्याच वेळी कोळीवाड्याच्या जागी एक मुलगी येणार आहे, हर्णैच्या लिलावात आईसोबत बसते ती. दर शुक्रवारी दुपारी दुकानात येते आणि आम्ही वहीची जुनी पानं वाचतो. गेल्या आठवड्यात २०१९ च्या पानावर ती थांबली. विचारलं, त्या रात्री तुम्ही लगेच काही का नाही बोललात? मी तिला खरं ते सांगितलं.